आईकडचा रकाना

गेल्या महिन्यात आमच्या भाचीचा फोन आला. जावयाच्या नोकरीमुळे ती चार वर्षांपासून नेदरलँड्समध्ये, हेग शहरात राहते. नुकतीच तिला मुलगी झाली आहे. आम्हाला वाटले, अकीक्याबद्दल काही विचारायचे असेल. पण तिने विचारले, "मामू, नानीच्या अम्मीच्या अम्मीचं नाव काय होतं?"

तिची नानी म्हणजे आमची अम्मी. म्हणजे ती आमच्या नानीच्या आईचे नाव विचारत होती. आम्ही गप्प झालो. वीस वर्षे शाळेत शिकवतो आहोत. बाबरपासून औरंगजेबापर्यंतची वंशावळ फळ्यावर एका दमात काढून देतो. आमच्या दादांचे, परदादांचे आणि त्यांच्याही वडिलांचे नाव आम्हाला पाठ आहे. पण नानीच्या आईचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते. त्याहून वाईट म्हणजे, ते ठाऊक नाही हेही त्या दिवसापर्यंत कधी ध्यानात आले नव्हते.

"हे कशाला हवं, बेटा?" आम्ही विचारले. तेव्हा तिने जे सांगितले त्यावरून आजचा हा लेख.

भाचीच्या शेजारी एक वयस्कर डच बाई राहतात. वंशावळी शोधणे हा त्यांचा छंद. आपल्याकडे बाळाला झबले-टोपडे नेतात, तसा त्यांनी बाळासाठी एक मोठा छापील कागद आणून दिला. डच भाषेत त्याला 'क्वार्तीरस्टाट' म्हणतात. आपल्याकडचा शजरा वरून खाली उतरतो. एक मूळ पुरुष, त्याचे मुलगे, मग नातू. क्वार्तीरस्टाट उलट चालतो. तो बाळापासून सुरू होतो आणि मागे मागे जातो. आधी आईबाप दोघे, मग आजी-आजोबा चौघे, मग आठ, सोळा, बत्तीस. यात आईची बाजू आणि बापाची बाजू अगदी समान असते. जितके रकाने त्या बाजूला, तितकेच या बाजूला. ही रीत मुळात सरदार-घराण्यांची. आपण दोन्ही बाजूंनी खानदानी आहोत हे त्यांना सिद्ध करावे लागे, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर चर्चमध्ये लावलेल्या फलकांवर आठ किंवा सोळा पूर्वजांची चिन्हे रंगवत. त्यांत आईकडचीही असत. पुढे हा कागद सामान्य माणसांच्या घरात आला.

रकान्यांना क्रमांक देण्याची एक सोपी युक्ती आहे. जर्मन अभ्यासक स्टेफान केकुले फॉन स्ट्राडोनिट्झ यांनी १८९८ मध्ये ती प्रसिद्ध केली, म्हणून तिला केकुले क्रमांक म्हणतात. बाळ १, बाप २, आई ३. कोणाचाही क्रमांक दुप्पट केला की त्याचा बाप. दुप्पट करून एक मिळवला की त्याची आई. म्हणजे १ सोडला तर सम क्रमांक पुरुषांचे, विषम स्त्रियांचे. आता गंमत पाहा. बापाचा बाप, त्याचा बाप अशी सरळ ओळ २, ४, ८, १६, ३२ अशी जाते आणि प्रत्येक पिढीत पहिल्या रकान्यात बसते. आईची आई, तिची आई ही ओळ ३, ७, १५, ३१, ६३ अशी जाते आणि प्रत्येक पिढीत अगदी शेवटच्या रकान्यात बसते.

भाचीने भरायला घेतले. १ बाळ, ३ ती स्वतः, ७ आमची आपा, १५ आमची अम्मी, ३१ आमची नानी. ६३ रिकामा. तिकडे ३२, तिच्या सासरचा पहिला रकाना, केव्हाच भरला होता. जावयाच्या वडिलांनी फोनवर नाव, गाव, पेशा सगळे सांगितले होते.

डच भाषेत मागच्या प्रत्येक पिढीतल्या आईला वेगळे नाव आहे. आजी म्हणजे 'ख्रोटमूडर', पणजी 'ओव्हरख्रोटमूडर', तिच्या मागची 'बेटओव्हरख्रोटमूडर' आणि त्याच्या मागची 'आउटमूडर', म्हणजे जुनी आई. आमचा ६३ क्रमांक ही त्या बाळाची आउटमूडर. शब्द आहे, माणूसही होऊन गेले, नाव नाही.

पण वाचकहो, डच भाषा नात्यांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे असे समजू नका. भाची तिथे डच शिकते. सुरुवातीला तिने वर्गात लिहिले, की माझ्या मामूने बाळासाठी कपडे पाठवले. तिला शब्द मिळाला 'ओम'. चाचाला काय? ओम. फुफाला, खालूला? तेही ओमच. खाला, फुफी, मुमानी, चाची सगळ्या 'टान्टे'. भाऊ-बहिणींची मुले आणि चुलत-मामे-मावस-आते भावंडे यांना मिळून दोनच शब्द: मुलगा असेल तर 'नेफ', मुलगी असेल तर 'निख्त'. म्हणजे आमची भाची आमची निख्त, आणि आमची खालाजाद बहीणही आमची निख्त. आईकडचा की बापाकडचा हे सांगायचेच असेल, तर 'मूडर्सकांट' म्हणजे 'आईच्या बाजूचा' असे शेपूट जोडावे लागते. आजोळ हा एकच शब्द मराठीत जे सांगतो, उर्दूत ननिहाल जे सांगते, ते सांगायला तिथे अख्खे वाक्य लागते.

हे नेहमीच असे नव्हते. 'ओम' हा शब्द पूर्वी फक्त मामूसाठी होता. जर्मन भाषेतला त्याचा सख्खा भाऊ 'ओहाइम' हाही आईचा भाऊच. खालासाठी जुन्या डच भाषेत 'मुई' असा शब्द होता. मग फ्रेंचमधून 'टान्टे' आला. त्याचे मूळ लॅटिन 'आमिता' या शब्दात आहे, आणि लॅटिनमध्ये आमिता म्हणजे फुफी. म्हणजे आज डच माणूस ज्या दोन शब्दांत सगळ्या नातेवाइकांना बसवतो, त्यांतला एक मुळात मामू आहे आणि दुसरी फुफी! मामूचा शब्द चाचावरही पसरला, फुफीचा शब्द खालावर पसरला, आणि मुई बिचारी बोलण्यातून उठून गेली.

एक गोड शब्द मात्र त्यांच्याकडे आहे. नेफ आणि निख्त या शब्दांचा घोटाळा टाळायचा असेल, तर भाच्या-पुतण्यांना 'ओमझेखर' म्हणतात, म्हणजे 'ओम म्हणणारा'. जो मला मामू म्हणतो, तो माझा भाचा. नाते हाकेवरून ओळखायचे. आम्हाला हा शब्द फार आवडला.

भाचीच्या इमारतीत सुरीनामचे एक कुटुंब राहते. दक्षिण अमेरिकेतली ही डचांची पूर्वीची वसाहत. १८७३ ते १९१६ या काळात हिंदुस्थानातून चौतीस हजारांहून अधिक माणसे मळ्यांवर करारावर मजुरी करायला तिथे नेली गेली. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. पुढे त्यांची अनेक नातवंडे-पतवंडे नेदरलँड्समध्ये येऊन स्थायिक झाली. आज ती डच बोलतात, पण घरात वडिलांचे आईबाप 'आजा-आजी' आणि आईचे आईबाप 'नाना-नानी'. दीडशे वर्षे, दोन समुद्रप्रवास, तिसरी भाषा. तरी नानी नानीच राहिली. आणि आपल्याकडे? आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर मुले घ्यायला आलेली खाला, फुफी, मुमानी या सगळ्या आता 'आंटी' झाल्या आहेत. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही.

आता वंशावळीकडे वळू. डच लोकांत दोन जुने शब्द आहेत. बापाकडच्या ओळीला 'झ्वार्टझैडे' म्हणजे तलवारीची बाजू, आणि आईकडच्या ओळीला 'स्पिलेझैडे' म्हणजे टकळीची बाजू. पुरुषाच्या हाती तलवार, बाईच्या हाती सूत कातायची टकळी. तलवारीचा इतिहास लिहिला जातो, टकळीचा लिहिला जात नाही, हे जगभर सारखेच. तरीही डच माणसाला आपल्या टकळीच्या बाजूचा माग काढता येतो आणि आपल्याला येत नाही, असे का?

भाचीच्या शेजारीणबाईंनी तिला कारण समजावले. नेपोलियनच्या अमलात, १८११ साली, त्या देशाच्या बहुतेक भागात जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. दक्षिणेकडच्या काही भागांत ती त्याआधीच आली होती. १८ ऑगस्ट १८११ च्या हुकुमाने ज्यांना आडनाव नव्हते त्यांना ते घेऊन नोंदवणे भाग पडले. त्याआधी बरेच लोक बापाच्या नावावर चालत. यानचा मुलगा तो यान्सेन, यानची मुलगी ती यान्सडॉख्टर. आपल्याकडच्या 'इब्न' आणि 'बिन्त' सारखेच. अशी नावे दर पिढीला बदलत, त्यामुळे माग काढणे अवघड.

पण १८११ नंतरच्या नोंदींत एक गोष्ट नेमाने पाळली गेली. सरकारी कागदावर बाई लग्नानंतरही जन्माच्याच आडनावाने राहिली. व्यवहारात ती नवऱ्याचे आडनाव लावी, किंवा नवऱ्याचे आधी आणि माहेरचे नंतर असे जोडून लिही. पण जन्माच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या दाखल्यावर तिचे स्वतःचे आडनाव. आणि विवाहाच्या दाखल्यात वधू-वर दोघांचे आईबाप लिहिले जात. दोन्ही आयांची नावे त्यांच्या माहेरच्या आडनावासह. मग काय, मुलीच्या लग्नाच्या दाखल्यात आई सापडते. आईचे माहेरचे नाव हाती आले की तिच्या लग्नाचा दाखला सापडतो. त्यात तिची आई. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसे १८११ पर्यंत चढत जायचे. त्यामागे चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तके. जन्माची नोंद शंभर वर्षांनी, लग्नाची पंचाहत्तर वर्षांनी आणि मृत्यूची पन्नास वर्षांनी सर्वांसाठी खुली होते. हेगमध्ये १९४५ साली स्थापन झालेली वंशावळींची मध्यवर्ती संस्थाही आहे.

घरातल्या रीतीनेही मदत केली. जुन्या डच घरांत बाळांची नावे ठेवण्याचा एक क्रम सर्रास दिसतो. पहिला मुलगा दादाच्या नावाचा, दुसरा नानाच्या नावाचा. आणि पहिली मुलगी बहुधा नानीच्या नावाची. त्यामुळे नाव हरवले तरी नातीच्या नावावरून नानीचा अंदाज बांधता येतो.

याचा अर्थ तिथल्या बाईला सगळे मिळाले होते असे नाही. त्याच देशात १९५६ चा कायदा होईपर्यंत विवाहित स्त्री नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःच्या सहीने करारही करू शकत नव्हती. नाव होते, सही नव्हती. मुलांना आईचे आडनाव द्यायची मुभा १९९८ मध्ये मिळाली, आणि आईबाप दोघांची आडनावे जोडून देण्याची मुभा १ जानेवारी २०२४ पासून.

आणि एक गोष्ट भाचीने सांगितली ती ऐकून मन जड झाले. इतक्या काटेकोर नोंदी ठेवणाऱ्या याच डचांनी इंडोनेशियात काय केले? तिथे शेकडो वर्षे त्यांचे सैनिक, कारकून, मळेवाले एकटे येत आणि स्थानिक बाईला घरात ठेवत. लग्न नाही, फक्त घर सांभाळणे आणि मुले. अशा बाईला 'न्याई' म्हणत. त्यांतल्या अनेक जणी जावाच्या मुस्लिम घरांतल्या, गरिबीने आलेल्या. बापाने मूल आपले म्हणून नोंदवले की ते कायद्याने युरोपियन होई, आणि आईचा त्याच्यावरचा हक्क संपे. मनात आले तर साहेब तिला गावी परत पाठवून देई, मुले ठेवून घेई. आणि कागदावर अनेकदा तिचे नावही नसे. 'एक देशी बाई', एवढेच.

आज नेदरलँड्समध्ये अशा मिश्र घराण्यांची असंख्य माणसे आहेत. ती क्वार्तीरस्टाट भरायला बसतात. बापाकडून अठराव्या शतकापर्यंत सहज जातात, आणि आईच्या बाजूला कुठल्यातरी जावानीज बाईपाशी येऊन थांबतात. रेगी बाय या लेखकाने २००८ मध्ये या न्याईंवर एक पुस्तक लिहिले, त्यांच्या स्वतःच्या घराण्यातही अशी एक आजी होती. म्हणजे नोंद ठेवणारा हात तोच. ज्या आईला तो माणूस मानत होता तिचे आडनाव जपले. जिला मानत नव्हता तिचे नावही लिहिले नाही.

डच वंशावळीत नाव न मिळालेल्या व्यक्तीच्या रकान्यात दोन अक्षरे लिहितात: एन. एन. लॅटिनमधल्या 'नोमेन नेस्किओ' या शब्दांची ती आद्याक्षरे, म्हणजे 'नाव मला माहीत नाही'. भाचीने विचारले, "मामू, ६३ मध्ये एन. एन. लिहू का?"

"थांब," आम्ही म्हणालो. "आठ दिवस दे."

आम्ही आधी अम्मीकडे गेलो. अम्मीचे वय पंच्याहत्तर. म्हणाली, "नानीला नाव घेऊन कोण हाक मारणार होतं? नानी म्हणजे नानी." मग मामूंच्या घरी गेलो. जुनी ट्रंक उघडली. निकाहनामे दोन मिळाले, ते पुढच्या पिढीचे. शेवटी जमिनीचे कागद काढले. त्यांत एका जुन्या फेरफारात आमच्या नानीचे, म्हणजे ३१ क्रमांकाचे पूर्ण नाव मिळाले. तिचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. आनंद झाला, पण ओळ पुढे वाचली. बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडला, म्हणून नाव कमी केले, अशी ती नोंद होती. शरीअतने तिला जो वाटा दिला होता, तो तिच्या नावावरून उतरला त्या दिवशी तिचे नाव कागदावर चढले. शेवटी तिचा अंगठा.

तिच्या आईचे नाव त्या कागदात नव्हते. वारसांच्या यादीत ती असायला हवी होती, पण त्या आधीच ती अल्लाहला प्यारी झाली असावी.

आम्ही उर्दू शिकवतो, मुलांना सीरतच्या गोष्टी सांगतो. हजरत ईसा (अलै.) यांची ओळखच मुळी आईच्या नावाने, मरयमचे पुत्र. नबी करीम (स.) यांचे घराणे पुढे चालले ते मुलीकडून, हजरत फातिमा (रजि.) यांच्याकडून. निकाह झाला म्हणून मुस्लिम स्त्रीला बापाचे नाव बदलावे लागत नाही, अबू बक्र (रजि.) यांची मुलगी आयेशा (रजि.) शेवटपर्यंत अबू बक्र यांचीच मुलगी म्हणून ओळखली गेली. इतके सगळे हाताशी असून आपल्या शजऱ्यात मुलीचे नाव आले की पुढे रेघ थांबते. बऱ्याच शजऱ्यांत तर मुलींची नावेच नसतात. हा दोष दीनचा नाही, आपल्या आळसाचा आहे.

सरकारने एक पाऊल टाकले आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. आमच्या शाळेच्या रजिस्टरात तीच नावे पुढे येतील. चांगले झाले. पण त्यात आईचे नुसते नाव येते. तिची आई कोण, माहेर कुठले, हे घरानेच लिहून ठेवायचे.

सातव्या दिवशी अम्मीचा फोन आला. रात्री झोप येत नव्हती तेव्हा तिला आठवले. नानीच्या आईला वाड्यातल्या सगळ्या बायका 'बाणकोटवाली' म्हणत. बाणकोटहून लग्न होऊन आली होती, म्हणून. खाडीतून पडावाने आली आणि उतरताना तिचे एक कानातले पाण्यात पडले, ही गोष्ट अम्मीने लहानपणी ऐकली होती. नाव मात्र आठवेना. "माझी नानी सांगायची, बाणकोटवालीच्या हातच्या सांदणांना गाव बोलवायची सोय होती," एवढे सांगून अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाव विचारायचं राहूनच गेलं रे."

आम्ही भाचीला कळवले. म्हटले, एन. एन. लिहू नकोस, 'बाणकोटवाली' लिही. तिने तसे लिहिले. शेजारीणबाईंनी विचारले, हे आडनाव आहे का? भाचीने सांगितले, नाही, हे तिचे माहेर आहे.

वाचकहो, सुट्टीत मुलांना घेऊन आजोळी जाल, तेव्हा सोबत शंभर पानी एक वही न्या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिचे नाव लिहा, तिच्या वडिलांचे लिहा, आणि मग तिच्या आईचे विचारा. माहेरच्या नावासह विचारा. गाव विचारा. कोणाला कशी हाक मारत होते तेही लिहा. तारीख टाका. आणि घरी जमिनीचा वाटा निघत असेल, बहिणीला अंगठा करायला बोलावणे गेले असेल, तर थोडे थांबा. तिचे नाव कोणत्या कागदावर चढते आहे, तेवढे आधी पाहा.

आमच्या भाचीच्या मुलीचा अकीका परवा झाला. तिचे नाव तिच्या नानीच्या नावावरून ठेवले आहे.